जाखडी संघाचा मुंबई दौरा: तारखा, पेट्या आणि कणीक

पार्श्वभूमी

संगमेश्वर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेचं हे प्रकरण. शाळेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. मी सोबतचा शिक्षक होतो, त्यामुळे पुढे जिथे जिथे 'आम्ही चुकलो' असं येईल तिथे त्यात मीही आहे.

शाळेत आठवी-नववीच्या मुलामुलींचा जाखडीचा संघ आहे. जाखडी म्हणजे बाल्या नाच. मुंबईत घरगडी म्हणून राहिलेले कोकणी तरुण कानात बाळी घालायचे, म्हणून शहराने त्यांना बाल्या म्हटलं आणि त्यांच्या नाचालाही तेच नाव पडलं, असं आमच्याकडे सांगतात. मधे गाणारे, मृदंग आणि झांजा, भोवती पायात चाळ, म्हणजे घुंगरू, बांधून नाचणाऱ्यांचा गोल. गौरी-गणपतीत वाडीवाडीवर हा नाच उभा राहतो तेव्हा सामान बांधायचा प्रश्नच येत नाही. चाळ खुंटीला असतात, मृदंग माजघरात असतो आणि नाचणारे शेजारच्याच घरातले असतात. लागलं काही तर पोराला पिटाळायचं. पुढचा सगळा घोळ या सवयीतून झाला, हे आम्हाला नंतर कळलं.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस मुंबईत परळ भागात होणाऱ्या शालेय लोकनृत्य स्पर्धेचं पत्र आलं. तारीख शनिवार, ७ डिसेंबर. प्रत्येक संघाला दहा मिनिटं, त्यातच रंगमंचावर येणं-जाणं. आमचा संघ २४ जणांचा, त्यात ११ मुली. सोबत मोठी माणसं चार: आम्ही दोघे शिक्षक, एक बाई आणि एका मुलीची आई. एकूण २८. घरटी एक चाकरमानी असूनही निम्म्याहून जास्त मुलांनी मुंबई पाहिलेली नव्हती.

अडचण

स्पर्धा दहा मिनिटांची, पण तिच्यासाठी दोन रात्रींचा प्रवास, एक मुक्काम, चौदा चाळ, एक मृदंग, झांजांच्या जोड्या, धोतरं, शेले, फेटे आणि २८ जणांची अंथरुणं-पांघरुणं. शाळेने याआधी मुलांना रत्नागिरीपर्यंत नेलं होतं. तिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

शिवाय मुलांना मुंबई दाखवायची होती. पालकांनी वर्गणी दिली ती निम्मी स्पर्धेसाठी आणि निम्मी राणीच्या बागेतले पेंग्विन पाहण्यासाठी, असं म्हटलं तरी चालेल.

पर्याय: बस की गाडी

एसटीचा प्रासंगिक करार स्वस्त पडत होता, कारण शालेय सहलींना महामंडळ निम्म्या भाड्याची सवलत देतं. बस शाळेच्या दारातून निघणार, नाट्यगृहाच्या दारात उभी राहणार, सामान उतरवण्या-चढवण्याची कटकट नाही. सामानाच्या दृष्टीने हाच पर्याय उत्तम होता, हे आजही मान्य करतो. पण मुंबई-गोवा महामार्ग. २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या या रस्त्यावर किती तास लागतील याची हमी कोणी देत नव्हतं, आणि मुख्याध्यापक एका वाक्यावर अडून राहिले: "रात्रीची पोरांची बस रस्त्यावर नको."

म्हणून तुतारी एक्सप्रेस. रात्री अकराच्या सुमारास संगमेश्वर रोडला, सकाळी सातच्या आत दादरला. मुलं झोपून जातील, मुक्कामाची एक रात्र वाचेल. अडचण एकच, पण मोठी: संगमेश्वरला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते.

निर्णय पहिला: कोणत्या दिवशी निघायचं

आमचा मूळ बेत असा होता. गुरुवारी ५ तारखेला रात्री निघायचं, शुक्रवारी मुंबई बघायची, मुलं रात्री नीट झोपतील, शनिवारी ताजीतवानी नाचतील. कागदावर यात खोट काढता येत नव्हती. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच जण बसतात, म्हणून लेखनिकांनी पाच तिकिटांत २८ जणांचं आरक्षण केलंही.

ऑक्टोबरच्या पालकसभेत मी हा बेत फळ्यावर लिहिला. मागच्या रांगेतले एक पालक उठले. "सर, सहा डिसेंबर आहे तो." आम्ही तिघे शिक्षक फळ्याकडे बघतच राहिलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीवर देशभरातून लाखो माणसं येतात, दादर स्टेशनापासून शिवाजी पार्कापर्यंत माणसंच माणसं असतात. हे गृहस्थ दर वर्षी जातात. ते शांतपणे म्हणाले, "त्या दिवशी दादर आमचं असतं. पोरांना न्यायचंच तर अभिवादनाला न्या, माझी ना नाही. पेट्या घेऊन कशाला?"

ही तारीख आम्हाला माहीत नव्हती असं नाही. शाळेत त्या दिवशी आम्ही प्रतिमेला हार घालतो. पण दौऱ्याचा विचार करताना ती डोक्यात आलीच नाही, आणि ती ज्यांच्या डोक्यात कायम असते असं कोणी नियोजनात नव्हतं. चूक तारखेची कमी आणि नियोजन करायला बसलेल्या माणसांची जास्त होती.

नवे पर्याय दोन. एक, ठाण्याला उतरून शुक्रवारचा दिवस तिकडेच काढायचा. पण तिथे ओळखीचं कोणी नव्हतं आणि सामान घेऊन बसायला जागा नव्हती. दुसरा, शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी पोचायचं, त्याच दिवशी नाचायचं आणि रविवारी मुंबई बघायची. यात रात्रभर गाडीत हिंदकळलेली मुलं दुपारी रंगमंचावर उभी करावी लागणार होती. मी आयोजकांना फोन केला आणि आमचा क्रम दुपारी तीननंतर लावता येईल का, असं विचारलं. "लावू की," एवढंच उत्तर आलं. अर्ध्या मिनिटाच्या या फोनने सगळ्यात अवघड वाटणारी अडचण सुटली. तो पहिल्याच दिवशी का केला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

गुरुवारची तिकिटं रद्द केली. शयनयानाचं पक्कं तिकीट रद्द करायला माणशी १२० रुपये कापतात. ३,३६० रुपये गेले.

निर्णय दुसरा: परतीची तारीख

रविवारी ८ तारखेला रात्री निघायचं ठरलं, म्हणून लेखनिकांनी परतीची तिकिटं ८ डिसेंबरची काढली. मी पाहिली, बाईंनी पाहिली, मुख्याध्यापकांनी सही केली.

दादरहून तुतारी सुटते रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी. म्हणजे ८ डिसेंबरची गाडी शनिवारी रात्रीच निघून जाणार. आम्हाला हवी होती ती ९ डिसेंबरची. निघायला बारा दिवस राहिले असताना तिकिटांच्या प्रती पालकांना वाटल्या, तेव्हा याच गाडीने सणासुदीला येणाऱ्या-जाणाऱ्या एका पालकांच्या ते लक्षात आलं. "अवो सर, ह्या तिकिटानं पोरं शनवारीच घरी निघतील!" सभेत हशा पिकला, पण आणखी ३,३६० रुपये कापले गेले आणि ९ तारखेच्या गाडीत १९ जणांनाच पक्क्या जागा मिळाल्या. नऊ जण आरएसीवर. तक्ता लागला तेव्हा चार जण आरएसीवरच राहिले. मग काय, दोघं-दोघं एका बाकावर बसून आली.

तेव्हापासून शाळेच्या दौऱ्याच्या कागदावर नुसती तारीख लिहीत नाही. 'रविवार उलटून सोमवार लागेल ती रात्र' असं लांबलचक लिहितो. हास्यास्पद दिसतं, पण पैसे वाचतात.

सामान: कोणती पेटी, कोणाच्या हाती

शाळेची एक जुनी पत्र्याची पेटी आहे. नाटकाचं, लेझमाचं, झेंडावंदनाचं, सगळं सामान तिच्यात मावतं. पहिला विचार असा की कपडे, चाळ, झांजा सगळं तिच्यात घालायचं आणि एका शिक्षकाने तिच्यावर लक्ष ठेवायचं. विकास सोसायटीच्या काट्यावर भरलेली पेटी तोलली तर ५२ किलो. रेल्वेच्या नियमाने डब्यात न्यायची ट्रंक १०० सेंटीमीटर लांब, ६० रुंद आणि २५ उंच यापेक्षा मोठी चालत नाही. आमची उंचीलाच दुप्पट होती. बाकाखाली ती गेलीच नसती.

दुसरा विचार नेमका उलटा: ज्याचं सामान त्याच्याकडे. नियमाने शयनयानात माणशी ४० किलो चालतात, त्यामुळे वजनाचा प्रश्न मिटत होता. पण आठवीतलं पोर स्वतःचा डबा शाळेत विसरतं. त्याच्याकडे चाळ दिले आणि ते गाडीत राहिले, तर गोलात एका पायाचा आवाज कमी पडणार.

शेवटी मधला रस्ता काढला. कपडे प्रत्येकाकडे, पण घडी करून उशीच्या अभ्र्यात. अभ्र्यावर मार्करने क्रमांक, आत धोतर, सदरा, शेला आणि कागदाच्या पुडीत चार सेफ्टी पिना. अभ्रा ही बाईंची कल्पना आणि ती फार कामाला आली. प्रत्येक घरात अभ्रा असतो, रात्री तोच उशीला होतो आणि सकाळी कपडे चुरगळलेलेही फारसे नसतात. चाळ आणि झांजा मात्र तीन लहान कापडी पिशव्यांत, प्रत्येक पिशवी नववीच्या दोन ठरलेल्या मुलांकडे. फेटे बांधून नेले नाहीत. फेट्यांचं कापड आणि बांधणारा, दोन्ही सोबत नेले.

मृदंग प्रवासी म्हणून गेला. गवसणीवर गोधडी गुंडाळून वरच्या बाकावर, भिंतीकडच्या बाजूला, आणि त्याला कुशीत घेऊन वाजवणारा मुलगा. तो म्हणाला, "सर, तो खाली ठेवला तर मला झोप लागणार नाही." लागली नसतीच.

मुलींची पिशवी बाईंनी स्वतः भरली. पॅड, जास्तीचे परकर, वेदनाशामक गोळ्या. त्यांनी सगळ्या मुलींना आधीच सांगून ठेवलं होतं की पिशवी माझ्या खांद्याला असेल, मागायला लाजायचं नाही. शनिवारी दुपारी, रंगमंचावर जायच्या तासभर आधी, एका मुलीला तिची गरज पडली. आम्हा पुरुषांना ते नंतर कळलं, आणि तसंच हवं होतं.

प्रत्यक्ष काय झालं

दोन मिनिटांत चढायचा सराव आम्ही शाळेच्या व्हरांड्यात केला. खडूने डब्याची दोन दारं आखली, २८ जण, हातात खरं सामान. पहिल्यांदा चार मिनिटं लागली. पिशवीवाले मागे राहत होते. त्यांना पुढे घेतलं, मोठ्या माणसांपैकी एक प्रत्येक दारात आधी आणि एक सगळ्यात शेवटी. चौथ्या खेपेला एक मिनिट चाळीस सेकंद. वाटेने जाणारी माणसं थांबून हा प्रकार बघत होती. शुक्रवारी रात्री फलाटावर मुलं आपापल्या जागी उभी राहिली, गाडी आली आणि चढून झाल्यावरही गाडी हलायची होती. संपूर्ण दौऱ्यातलं हे एकच काम जसं ठरवलं तसं झालं, आणि सराव केलेलंही हेच एक काम होतं.

दादरला गोंधळ झाला. गावच्या मुंबई मंडळाची दोन मुलं टेम्पो घेऊन येणार होती. निरोप दिला होता गावातल्या एका काकांनी, ज्यांची उभी हयात परळला गेली आणि जे आता गावी असतात. ते म्हणाले होते, "एक नंबरला उभे राहा." त्यांच्या डोक्यात मध्य रेल्वेचा एक नंबर. पण ९ डिसेंबर २०२३ पासून दादरचे फलाट सलग मोजतात. पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ ते १४. काकांचा एक नंबर आता आठ झालाय. मंडळाची मुलं पश्चिमेच्या एक नंबरवर चहा पीत होती, आम्ही मध्यच्या फलाटावर पेंगुळलेली पोरं मोजत होतो. सहा तारखेला आलेले कितीतरी लोक अजून परतीच्या गाड्यांची वाट बघत तिथे बसले होते, त्यामुळे मुलं हलवणंही सोपं नव्हतं. पंचवीस मिनिटांनी फोनवर ठरलं: दादर पूर्व, स्वामीनारायण मंदिरासमोर. मंदिर जागचं हलत नाही.

सामान टेम्पोत गेलं. मुलांना एक स्टेशन लोकलने न्यायचा मोह होता, पण मी नको म्हटलं. त्या भागातल्या तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड (आता प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला होता. मुंबईच्या सकाळच्या गर्दीची सवय नसलेली २४ मुलं जिन्यावर उभी करायची माझी तयारी नव्हती. खोदादाद सर्कलहून बेस्टची बस घेतली. तेव्हा पहिल्या टप्प्याचं भाडं पाच रुपये होतं. २८ जणांचे १४० रुपये, आणि मुलांना खिडकीतून पहिली मुंबई दिसली.

दुपारी सव्वातीन. नाट्यगृहामागच्या खोलीत अभ्रे उघडले, पिना निघाल्या, फेटे बांधायला सुरुवात झाली. मृदंगवाल्याने गवसणी सोडली, हातोडीने गट्टे जरा ठोकले, शाईवर बोट टेकून नाद पाहिला, मान डोलावली. मग मृदंग फिरवला, धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, थाप मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, कणीक?"

मृदंगाच्या धुमेला ओली कणीक लावल्याशिवाय तो घुमत नाही. वाजवायच्या आधी लावायची, झालं की खरवडून काढायची. घरी आई परातीतून गोळा देते. त्यामुळे ती कोणाच्याच यादीत नव्हती, त्याच्याही. आम्ही २८ जण डबे घेऊन आलो होतो, पण कोकणातले डबे: तांदळाच्या भाकऱ्या, घावणे, चटणी. गव्हाचा कण नाही.

बदली मुलाला घेऊन मी बाहेर पळालो. पोळीभाजी केंद्र दुपारचं बंद. समोरच्या चाळीत तळमजल्यावर एक आजी दारात बसल्या होत्या. त्यांनी मळलेल्या कणकेचा गोळा दिला, वर "कुठल्या गावचे रे?" विचारलं. त्या निघाल्या गुहागरकडच्या. गोळा घेऊन आलो तर मृदंगवाल्याने तो बोटांत चुरून पाहिला आणि परत दिला. "ह्यात तेल आहे सर. पुडीचं कातडं खराब होईल." परत आजीकडे. या वेळी मूठभर कोरडं पीठ आणलं. त्याने ते झाकणात पाण्याने भिजवलं, पातळसर मळलं, धुमेच्या मधोमध लावलं, थाप मारली, थोडं काढलं, पुन्हा थाप मारली. तिसऱ्या खेपेला तो हसला. वीस मिनिटं गेली आणि गोलाचा एकत्र सराव राहिला तो राहिलाच.

मुक्कामाला मुली आणि दोघी बायका आयोजकांनी दिलेल्या शाळेच्या वर्गात, मुलगे लालबागच्या चाळीत गावकीच्या खोलीत. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो म्हणून लोकलच्या वाटेला गेलो नाही. लालबागहून बसने राणीची बाग, पेंग्विनांपुढे तासभर, मग गेटवे आणि रात्री पुन्हा दादर. बाग बुधवारी बंद असते, हे आधी पाहून ठेवलं होतं. एवढं तरी केलं.

निष्पत्ती

स्पर्धेत उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालं. पहिल्या कडव्यात गोल जरा ओढल्यासारखा झाला, दुसऱ्यापासून सावरला. सरावाची ती वीस मिनिटं मिळाली असती तर निकाल बदलला असता, असं मी म्हणणार नाही. पहिल्या तिघांचे संघ खरोखरच चांगले होते. सामान सगळं परत आलं, एक झांज सोडून. तिकिटं रद्द करण्यात ६,७२० रुपये गेले. ते शाळेच्या निधीतून भरले, पालकांकडून घेतले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

आमची यादी कपाटावरून झाली होती. कपाटात काय काय आहे ते पाहून लिहिलं. ती खरं तर नाचावरून करायला हवी होती. पडदा उघडायच्या आधी काय लागतं, उघडताना काय, बंद झाल्यावर काय, असं मुलांनाच डोळे मिटून सांगायला लावायचं. मृदंगवाल्याला विचारलं असतं तर कणीक पहिल्या ओळीत आली असती. त्याला कोणी विचारलंच नाही, कारण याद्या शिक्षक करतात.

मुलं आणि मुली वेगळ्या छपराखाली ठेवायची गरज नव्हती. गावकीच्या खोलीत मुलींची सोय नव्हती हे खरं, पण मग सगळ्यांनीच शाळेच्या वर्गांत राहायला हवं होतं. मंडळाला वाईट वाटेल म्हणून मुलग्यांना लालबागला नेलं. त्यापायी रविवारी सकाळी दोन्ही गट एकत्र यायला दीड तास गेला आणि दोन्हीकडे मोठी माणसं दोन-दोनच उरली.

भेटायची जागा सांगताना क्रमांक नको, न हलणारी वस्तू सांगायची.

मोबाइलचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. आम्ही मुलांना मोबाइल आणू दिले नाहीत आणि प्रत्येकाच्या सदऱ्याच्या आत चार मोठ्यांच्या नंबरांची चिठ्ठी टाचली. बाईंच्या मते पुढच्या वेळी प्रत्येक सहा जणांत एक साधा फोन हवा, दादरला त्याची फार उणीव भासली. मला वाटतं, दादरला गोंधळ झाला तो फोन असलेल्या मोठ्यांचाच. येत्या पालकसभेत हा विषय आहे.